सासूबाईंचे डोळे, माझा घसा

माझा आवाज चांगला आहे! हे मी स्वतःच सांगतोय, कारण एवढी मोठी गोष्ट सांगायला दुसऱ्या कुणाचा आवाज पुरणार नाही. आमच्या शहराच्या मोठ्या बसस्थानकावर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं जो म्हणतो ना, तो मीच. मी "लक्ष द्यावे" म्हटलं की रडणारी पोरं गप्प होतात, फलाटावरची कुत्री उठून बसतात आणि चुकीच्या गाडीत चढलेला माणूस आपण होऊन खाली उतरतो. माझं लग्नसुद्धा आवाजावरच जमलं. चेहरा मी नंतर दाखवला.

त्यामुळे सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी "आता बरेच दिवस वाचन बंद! एक अक्षर नाही!" अशी तंबी दिली, तेव्हा बाकीचे हबकले, पण मी छाती पुढे काढून म्हणालो, "एवढंच ना? मी वाचून दाखवतो!"

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान चालवतो म्हणालोय.

"तुम्ही? अहो, तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?"

"वेळापत्रक हे पुस्तकच असतं," मी म्हणालो. "आणि त्याच्या जितक्या आवृत्त्या निघतात, तितक्या कुणाच्या निघत नाहीत!"

इथे सासूबाईंबद्दल सांगायला हवं. बाई साधीसुधी नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं असलेला बोर्ड, हातात वायर. ह्याची लाइन त्याला जोड, त्याची तिला जोड. आणि दोन कॉलच्या मधे जो वेळ मिळेल त्यात मांडीवर पुस्तक! असं करत करत त्यांनी एवढं वाचलंय की ग्रंथालयवाले नवीन पुस्तक घेण्याआधी त्यांना विचारायचे. एक डोळा पूर्वीच मंदावला होता, त्यातून नुसता उजेड-अंधार कळायचा. सगळं वाचन दुसऱ्या डोळ्यावर. आणि नेमका त्याच डोळ्याचा आतला पडदा सुटला! ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी बसली. पट्टी निघाल्यावर दिसेल का, हे डॉक्टरीणबाईंनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

दवाखान्यातून सासूबाई थेट आमच्याकडे आल्या. दोन बॅगा होत्या. लहान बॅगेत कपडे. मोठी बॅग मी उचलायला गेलो आणि माझ्या कमरेतून असा काही आवाज आला, की रिक्षावाला म्हणाला, "साहेब, बॅग फुटली वाटतं!"

मोठीत पुस्तकं होती.

डॉक्टरीणबाईंचा आणखी एक हुकूम होता. सुरुवातीचे दिवस सासूबाईंनी पालथं पडून राहायचं. मधोमध भोक असलेली गोल उशी मिळाली होती, तिच्यात तोंड घालून त्या पलंगावर पडत. बघणाऱ्याला फक्त पाठ आणि अंबाडा दिसायचा. हुकूम मात्र उशीतून स्पष्ट यायचे.

"जावईबापू, वरचंच घ्या. रहस्यकथा आहे. पडून राहायचं तर मेंदूला काम हवं."

माझी सकाळची पाळी असते, दुपारनंतर मी घरी. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये, संध्याकाळपर्यंत तिकडेच. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि सुरू केलं.

"खून! गिरणीच्या वृद्ध मालकीणबाई आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळून आलेल्या आहेत. खोली आतून बंद आहे. संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी."

उशीतून प्रश्न आला, "'संबंधितांनी नोंद घ्यावी' हे पुस्तकात आहे?"

"नाही. सवयीनं आलं."

"आणि सगळी माणसं एकाच सुरात का बोलतायत? मालकीण मेली आहे, जावईबापू. गाडी लेट झालेली नाही!"

माझ्या आवाजाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती! मी जरा फुगूनच बसलो. पण सासूबाई शिकवायला लागल्या आणि मी ऐकतच राहिलो. म्हणाल्या, "मालकिणीचा भाचा बोलेल ना, त्याला गोड आवाज द्या. फार गोड. खुनी तोच आहे."

"आई! आत्ता कुठे दुसरं प्रकरण चाललंय!"

"तो प्रत्येक वाक्याआधी 'खरं सांगतो' म्हणतोय. एक्स्चेंजमध्ये जो माणूस 'खरं सांगतो' म्हणायचा ना, त्याची बायको पुढच्या कॉलवर आईशी बोलताना रडायची."

"म्हणजे तुम्ही लोकांचे फोन ऐकायचा?"

"ऐकायची परवानगी नव्हती."

"मग?"

"मग काय? हेडफोन कानावर! कान काढून ठेवायची सोय कुठे होती?"

मी मनातल्या मनात हात जोडले. आणि एक सांगू? दोन दिवसांत मला त्या पुस्तकानं असं पकडलं, की बसस्थानकावर गाडीचा नंबर सांगताना डोक्यात गिरणीच चालू! विष कपात होतं की औषधाच्या बाटलीत? दार आतून कुणी लावलं? चहा देणाऱ्या पोऱ्याकडेही मी संशयानं बघायला लागलो. इतकी वर्षं ही गंमत जगात होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं!

आता आमच्या शेजाऱ्यांकडे येऊ. आमच्या भिंतीला लागून पंच राहतात. फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते, निवृत्त होऊन जमाना झाला, पण शिट्टी काही गळ्यातून उतरलेली नाही. जिन्यात कुणी कचरा टाकला, शिट्टी! पाण्याची टाकी वाहिली, शिट्टी! पंचीणबाईंच्या हातून चहात साखर जास्त पडली, तरी शिट्टी!

ह्या पंचांनी सासूबाईंना घरात शिरताना पाहिलं होतं. त्यानंतर त्या दिसल्याच नाहीत. खिडकीत नाहीत, गॅलरीत नाहीत. त्यांचा आवाज म्हणाल तर तो उशीत जिरायचा. भिंतीपलीकडे जायचा तो फक्त माझा! आणि तो काय जायचा? "विष कुठे ठेवलंय?" "दार नीट लाव, कुणाला कळता कामा नये!" "म्हातारी सही करेपर्यंत थांबायला हवं!" पंच भिंतीला कान लावून रोज अंदाज बांधत होते.

आणि तो दिवस आला. शेवटचं प्रकरण! भाच्याचा कबुलीजबाब! सासूबाई म्हणाल्या होत्या, "इथे हात आखडू नका, जावईबापू. सगळा राग बाहेर येऊ द्या." मी उठून उभा राहिलो. हातात काहीतरी असावं म्हणून दिवाणावरची उशी घेतली, आणि बसस्थानकाच्या पार टोकाच्या फलाटापर्यंत जातो तो आवाज काढला.

"हो! मीच मारलं म्हातारीला! उठल्याबसल्या हुकूम! हे आण, ते ने, असं बोल, तसं बोलू नकोस! विष नुसतं पोलिसांना चकवायला! शेवटी घेतली उशी आणि..."

फुर्रर्रर्र!

दार धाडकन उघडलं. दारात पंच. तोंडात शिट्टी, एक हात वर, अंगात बनियन. त्यांनी काय पाहिलं? पलंगावर सासूबाई पालथ्या, हालचाल नाही. त्यांच्या डोक्याशी मी, घामाघूम, दोन्ही हातांत उशी!

पंचांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. मागून पंचीणबाई डोकावल्या आणि किंचाळल्या, "अगं बाई! उशीर झाला आपल्याला!"

"निवेदक," पंच थरथरत म्हणाले, "उशी खाली ठेवा. सामना संपलेला आहे!"

तेवढ्यात पलंगावरची 'मयत' कडाडली, "मधेच शिट्टी कुणी वाजवली? तो भाचा आत्ता कुठे बोलायला लागलाय!"

पंचीणबाईंनी पंचांना घट्ट धरलं. पंचांनी दाराच्या चौकटीला धरलं. मी पुस्तक पुढे केलं, पान दाखवलं, ओळीवर बोट ठेवून दाखवलं. पंचांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, मग तिच्या पुढची वाचली, मग पान उलटायला लागले. मी पुस्तक काढून घेतलं.

"बरं, मग," पंच घसा खाकरून म्हणाले, "दार आतून बंद कसं होतं?"

दुसऱ्या दिवसापासून पंच आमच्याकडे खुर्ची घेऊन यायला लागले. स्वतःची.

यथावकाश सासूबाईंना उठून बसायची परवानगी मिळाली. पट्टी तशीच. त्या म्हणाल्या, "आता प्रेमकथा काढा."

मला घाम फुटला. पंच म्हणाले, "हे आपलं क्षेत्र नाही," आणि खुर्ची उचलून घरी गेले. राहिलो मी आणि सासूबाई. आता सांगा, जावयानं सासूसमोर बसून प्रेमाचे संवाद कसे म्हणायचे? गोष्ट होती एका दीपगृहावर काम करणाऱ्या माणसाची. त्याच्याकडे बोटीतून औषधं घेऊन एक नर्स येते. बाकी समुद्र. बाकी कुणी नाही. दोघांना बोलायला वेळच वेळ!

मी पुस्तकात तोंड खुपसून वाचलं, "प्रिये, तू आलीस की..."

"'प्रिये' नाही पुस्तकात," सासूबाई म्हणाल्या.

मी पाहिलं. खरंच नव्हतं! मीच घातलं होतं, जरा वजन यावं म्हणून. पुस्तकात नुसतं 'ऐक ना' होतं.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"जो खरा प्रेमात असतो तो 'प्रिये' म्हणत नाही, जावईबापू. तो 'ऐक ना' म्हणतो आणि मग पुढे काही बोलतच नाही. दोन्हीकडे नुसता श्वास. लाइन चालू."

"मग तुम्ही काय करायचा?"

"मी? मी कधी तोडली नाही."

मी पुन्हा वाचलं, "ऐक ना," आणि थांबलो. आणि काय सांगू, त्या थांबण्यातच सगळी गोष्ट होती! मी आयुष्यभर न थांबता बोलत आलो. आमच्या कामात थांबलं की लोकांना वाटतं माइक बंद पडला.

मग मी तालीम करायला लागलो. पालेभाजी निवडताना, भांडी विसळताना, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून. त्या खिडकीसमोर पंचीणबाईंची खिडकी! त्यांच्या कानांवर पडलं ते असं: "ऐक ना... तू येतेस तेव्हा हे घर घर वाटतं. पण असं चोरून किती दिवस? आज तिला सगळं सांगून टाकतो."

पुस्तकातली 'ती' म्हणजे दीपगृहवाल्याची किनाऱ्यावर राहणारी थोरली बहीण. तिनंच त्याला वाढवलेलं असतं, तिला दुखवायचं नसतं. पण हे पंचीणबाईंना कुठे माहीत? त्यांनी तडक लॅबमध्ये फोन लावला. बायको रक्ताच्या नळ्या तशाच टाकून रिक्षात बसली.

इकडे आम्ही ऐन रंगात! वादळ झालंय, बोट दिसत नाहीये, तो दिव्यापाशी एकटा उभा आहे. मी सगळा जीव ओतून वाचत होतो. प्रकरण संपलं. घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला उठलो, तर बाहेर कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. दार उघडलं.

जिन्याच्या पायरीवर माझी बायको, तिच्या शेजारी पंचीणबाई. दोघींच्या हातांत मिळून एक रुमाल. आणि वरच्या पायरीवर, हे आपलं क्षेत्र नाही म्हणणारे पंच!

"अगं, तू? ह्या वेळी?"

"तुम्हाला जाब विचारायला आले होते," बायको डोळे पुसत म्हणाली. "कोण ती सटवी, म्हणून विचारणार होते. दार ठोठावायला हातही उचलला होता..."

"मग?"

"मग वादळ सुरू झालं! अहो, बुडाली का ती? खरं सांगा! बुडाली असेल तर मला आत्ताच सांगा, मला पुन्हा कामावर जायचंय!"

"पुढचं प्रकरण उद्या," मी म्हणालो.

त्यावर जिन्यातून जो आरडाओरडा झाला, तो ऐकून मी तिथेच, दारात उभ्याउभ्या, पुढचं प्रकरण वाचलं. बुडाली नाही. पंचांनी आनंदानं शिट्टी वाजवली, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन घरी निघून गेले.

त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "ऐक ना..." आणि थांबलो. अगदी सासूबाईंनी शिकवलं तसा.

ती म्हणाली, "पैसे पर्समध्ये आहेत. किती हवेत?"

असो! सगळ्यांनाच सगळं पहिल्या फटक्यात जमत नाही.

एव्हाना आमची बैठकीची खोली भरायला लागली होती. पण सासूबाईंनी पुढचं पुस्तक काढायला सांगितलं आणि माझा धीर सुटला. ते कवितांचं होतं. पातळसं. पानावर ओळी कमी आणि कोरी जागाच जास्त.

"आई, हे अर्धवट छापलंय."

"वाचा."

मी वाचलं. "ज्या वाटेनं तू गेलीस ती वाट अजून घरी आलेली नाही."

"हे तुम्ही एका श्वासात वाचलंत."

"एवढंसं तर आहे! आणि आई, वाट घरी कशी येईल? वाट जागेवरच असते. माणसं येतात-जातात. आमच्या खात्यात असली चूक केली तर प्रवासी भलतीकडे जातील."

सासूबाई हसल्या. मग म्हणाल्या, "समजून घेऊ नका. जिथे ओळ तुटते तिथे तुम्हीही थांबा, बस्स."

मी थांबत थांबत वाचलं.

"ज्या वाटेनं तू गेलीस
ती वाट अजून
घरी आलेली नाही.
मी दिवा लावत नाही.
उजेड पाहून
ती बिचकेल."

पंचीणबाईंनी हळूच पंचांचा हात धरला. आणि सासूबाई, त्या पट्टी बांधलेल्या डोळ्यानं समोर बघत, अगदी हळू म्हणाल्या, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. कळलं मला तरीही नाही! पण छातीत कुठेतरी गाडी फलाटाला लागल्यासारखं झालं. सहा ओळींत! ज्याला सहा ओळींत हे जमतं तो माणूस कोण असेल, मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी.

सकाळची गर्दीची वेळ. एक लांब पल्ल्याची गाडी लेट होती. मी माइक हातात घेतला. माझ्या मनात काहीही नव्हतं, शपथेवर सांगतो! पण तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते असं आलं:

"प्रवाशांनी... कृपया... लक्ष द्यावे.
जी गाडी
पहाटे निघाली होती
ती गाडी
अजून
आलेली नाही."

आणि मी थांबलो. ओळ तुटली होती ना!

अख्खं बसस्थानक थांबलं! हमाल डोक्यावरची ट्रंक तशीच धरून उभा. तिकीट खिडकीतला बाबू सुटे पैसे हातात घेऊन स्तब्ध. एक आजोबा शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "येईल हो. येईल." तेवढ्यात दुसऱ्या फलाटावरच्या तीन गाड्यांची वेळ झाली, चालकांनी सवयीनं गाड्या काढल्या, आणि त्या तिन्ही गाड्या रिकाम्या निघून गेल्या! प्रवासी सगळे भोंग्याखाली उभे, माना वर करून, पुढची ओळ ऐकायला!

व्यवस्थापकसाहेबांनी मला बोलावलं. हा माणूस कधी हसलेला कुणी पाहिला नाही.

"तीन गाड्या रिकाम्या गेल्या," ते म्हणाले. "तीन!"

"साहेब, सवयीनं आलं."

"कसली सवय? इतकी वर्षं तर नव्हती!"

"नवीन लागली, साहेब. सासूबाईंमुळे."

त्यांनी माइक काढून घेतला आणि माझी रवानगी 'हरवले-सापडले'च्या खोलीत केली. मान खाली घालून मी निघालो, तर मागून म्हणाले, "थांबा." मी वळलो. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. "पुढे काय आहे त्याच्या? गाडी... म्हणजे, ती येते का शेवटी?"

"माहीत नाही, साहेब. दिवा लावत नाही तो, एवढंच आहे."

"का?"

मी सांगितलं का ते. साहेबांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "शिक्षा कायम आहे. जा."

शिक्षा! अहो, त्या खोलीत छत्र्यांच्या आणि डब्यांच्या मागे काय होतं म्हणता? पुस्तकं! लोक गाडीत पुस्तकं विसरतात आणि परत न्यायलाही येत नाहीत. भुताच्या गोष्टी, प्रवासवर्णनं, डोंगर चढणाऱ्या बाईचं आत्मचरित्र, मुंग्यांवरचं एक जाडजूड पुस्तक (मुंग्या काय काय करतात हो! एकदा वाचाच!). पूर्वी मी ह्या खोलीत डोकावलो असतो तर म्हणालो असतो, रद्दी. आता मला त्या फळीसमोर हावरटासारखं झालं. साहेबांची परवानगी काढून मी त्यातली एक रहस्यकथा घरी आणली. एका बर्फात अडकलेल्या आगगाडीच्या डब्यात दागिन्यांची चोरी होते, आणि सगळेच प्रवासी आपण झोपलो होतो म्हणतात. सासूबाईंनी कुणा एकाचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "ह्यावेळी मला सांगता येत नाहीये. सगळेच खरं बोलतायत असं वाटतंय." त्यांना सांगता येत नाही म्हटल्यावर आम्ही तर वेडेच झालो! पंचांचा संशय गार्डवर, पंचीणबाईंचा पंचांनी ज्याला निर्दोष सोडलं त्याच्यावर, बायकोचा डब्यातल्या डॉक्टरवर. एकच प्रकरण उरलं होतं, आणि पट्टी काढायचा दिवस आला.

आदल्या दिवशी दुपारी मी पुस्तक उघडलं, तर सासूबाईंनी हात वर केला.

"आज नको."

त्या खिडकीशी बसल्या होत्या. खिडकीतलं काही दिसत नसतानाही.

"जावईबापू, उद्या पट्टी काढली आणि अंधारच असला तर?"

इतक्या दिवसांत त्या घाबरलेल्या मला दिसल्या नव्हत्या. मला वाटायचं ह्या बाईला भीती माहीतच नाही. मी काहीतरी ठणठणीत बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणालो, "मग मी आहे की. तुमच्या बॅगेतलं सगळं वाचून होईल, मग ग्रंथालयातलं आणेन. ते संपलं तर वेळापत्रक आहेच."

त्या म्हणाल्या, "तुम्ही सुधारलात हो. पहिल्या दिवशी वाटलं होतं, नुसतं आंधळं होऊन भागायचं नाही, बहिरंही व्हायला हवं."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी शाबासकी!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही सगळे. पंच आणि पंचीणबाईसुद्धा, कारण त्यांना घरी राहवेना. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, डोळ्यात थेंब टाकले, पुसलं. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. सासूबाईंनी डोळा किलकिला केला. आम्ही श्वास धरून उभे. पंच तर डोळे मिटूनच उभे होते.

"काय दिसतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बराच वेळ काही नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, "न... ग... म... ट..." एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. अगदी खालच्या ओळीपर्यंत जाऊन त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सुरुवात बरी आहे. पण पुढे काही घडतच नाही!"

बायको त्यांच्या गळ्यात पडून रडली. पंचीणबाई रडल्या. मी... माझ्या डोळ्यात त्या थेंबांचा वास गेला असावा.

"वाचू का मी?" सासूबाईंनी विचारलं.

"थोडं थोडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज एखादं प्रकरण."

घरी आलो. मी आनंदानं सगळ्यांसाठी खुर्च्या मांडल्या, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, घसा साफ केला. शेवटचं प्रकरण! आज चोर सापडणार! पंच खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसले. मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला, तर टेबलावर पुस्तक नाही.

सासूबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. आतून कडी.

"आई?" मी दारावर टकटक केलं. "आम्ही सगळे बसलोय."

"बसा."

"पुस्तक..."

"माझ्याकडे आहे. एक प्रकरण वाचायला सांगितलंय ना? एकच उरलंय."

"अगं आई, मोठ्यानं तरी वाच!" बायको म्हणाली.

आतून फक्त पान उलटल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मग एकदम, "अगं बाई! हा?"

"कोण? कोण?" आम्ही चौघेही दाराला चिकटलो.

"शू!"

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. चेहरा असा उजळलेला, की इतक्या दिवसांत मी तसा पाहिला नव्हता. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून नीट पाहून घेतलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ. म्हणाल्या, "जावईबापू, वाळलात हो तुम्ही."

"आई, चोर कोण?"

"मी सांगायचं? एवढी सुंदर गोष्ट मी माझ्या तोंडानं नासवू?" त्यांनी पुस्तक माझ्यासमोर धरलं. "तुमचे डोळे ठणठणीत आहेत. वाचा की स्वतः!"

मी हात पुढे केला. पण त्याआधी पंचीणबाईंनी केला होता! त्या पुस्तक घेऊन अशा पळाल्या, की पंचांना ऑफसाइडसुद्धा देता आला नाही. त्यांच्यानंतर पंचांचा नंबर. नवरा म्हणून त्यांचा हक्क आहे म्हणे. मग माझ्या बायकोचा, कारण तिनं पंचीणबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. आणि काल व्यवस्थापकसाहेबांचा घरी फोन आला. माझा माइक परत देतायत, असं वाटून मी उड्या मारल्या. तर म्हणाले, "त्या बर्फातल्या आगगाडीचं ते पुस्तक तुम्ही नेलंय ना? ते आपल्या खात्याचं आहे. आधी मला द्या."

म्हणजे माझा नंबर पाचवा! तुमच्यापैकी कुणी ते पुस्तक वाचलं असेल तर मेहरबानी करा, चोर कोण ते मला सांगा.

नाही, नको! नको! सांगू नका हं!